वाट आणि वस्ती

बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी बिंदुसरा नदी उत्तरेकडे वाहत जाऊन सिंदफणेला मिळते आणि सिंदफणेचे पाणी पुढे गोदावरीत जाते. या बिंदुसरेच्या काठी बीड हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण वसलेले आहे. नदीने शहराचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेकडचा भाग मोठा, तर पूर्वेकडचा लहान आहे. जुन्या काळी या गावाला वेशी होत्या. माळीवेस, राजुरी वेस ही नावे अजूनही लोकांच्या तोंडी आहेत. वेशीतून बाहेर पडले की वाट दुसऱ्या गावाकडे निघे.

पुढे शहर वेशीबाहेर आले आणि मोठे रस्ते झाले. त्यांची नावे कशी पडली ती पाहा. कोणी जालना रस्ता म्हणतो, कोणी बार्शी रस्ता, कोणी नगर रस्ता. रस्ता निघतो बीडमधून, परंतु त्याला नाव मिळते ते तो जेथे पोहोचतो त्या गावाचे. रस्त्याचे काम पोहोचवण्याचे आहे, ही गोष्ट लोकांनी नाव ठेवतानाच सांगून ठेवली आहे.

या पाठात आपण त्या कामाचाच विचार करणार आहोत. गाव वाढते, घरे वाढतात आणि त्यांच्याबरोबर रस्तेही वाढतात. मग माणूस आपल्या ठिकाणी पूर्वीपेक्षा लवकर पोहोचतो काय? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे गणित करावे लागेल आणि आपल्या पायांखालच्या जमिनीचा इतिहासही पाहावा लागेल.

बीड जिल्ह्याचा बराचसा भाग कमी पावसाचा आहे. पाऊस दगा देतो तेव्हा शेती पिकत नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊस तोडण्यासाठी दूरच्या साखर कारखान्यांकडे जातात. अशा जिल्ह्यातील माणसाला जवळचे शहर हा मोठा आधार असतो. मुलांचे शिक्षण, दवाखाना, कचेरी, बाजार, हाताला काम, यांपैकी कशासाठी तरी तो शहरात येतो आणि पुष्कळदा तेथेच राहतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती, तर बीड शहराची १,४६,७०९ होती. म्हणजे जिल्ह्यातील बहुतेक माणसे तेव्हा खेड्यांतच राहत होती आणि शहराकडे येऊ शकणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात अहिल्यानगरहून बीडपर्यंत आगगाडी सुरू झाली. आगगाडी आली म्हणजे व्यापार वाढतो आणि नवी वस्ती उभी राहू लागते. तेव्हा बीड वाढणार हे उघड आहे. ते कसे वाढावे, हे मात्र माणसांच्या हाती आहे.

शहर वाढते म्हणजे नेमके काय होते? शहराच्या कडेला शेते असतात. एखादा शेतकरी आपले शेत विकतो, किंवा त्याचे लहान लहान तुकडे पाडून ते घरासाठी विकले जातात. आपल्याकडे जमीन एकर आणि गुंठ्यांत मोजतात. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौकोन, अर्थात १,०८९ चौरस फूट जागा. गरीब माणसाला मोठा भूखंड परवडत नाही. तो एक गुंठा, अर्धा गुंठा घेतो आणि त्यावर घर बांधतो. परवानगी न घेता अशा रीतीने वसलेल्या वस्तीला गुंठेवारी म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक शहरांभोवती अशा वस्त्या इतक्या झाल्या की, त्या नियमित करण्यासाठी राज्याला २००१ साली एक स्वतंत्र कायदा करावा लागला.

आता शेताचे तुकडे पाडताना रस्ता कोठे ठेवतात? शेताच्या मधोमध. मुख्य रस्त्यापासून तो निघतो, दोन्ही बाजूंच्या घरांना वाट देतो आणि शेत संपले की बांधापाशी थांबतो. बांधापलीकडचे शेत दुसऱ्याचे. तेही पुढे विकले जाते. त्याच्याही मधोमध एक रस्ता होतो आणि तोही बांधाशी थांबतो. काही वर्षांनी बांधाच्या जागी भिंत उभी राहते. शेते गेली, पिके गेली, परंतु बांध मात्र भिंतीच्या रूपाने तेथेच राहिला. दोन शेतकऱ्यांच्या मालकीची सीमा दाखवणारी रेघ आता शेकडो कुटुंबांची वाट अडवून बसते.

यामुळे काय घडते ते एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, मुख्य रस्त्याला लागून दोन शेते शेजारी शेजारी आहेत. प्रत्येक शेत ४०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद आहे. असे शेत जवळजवळ चार एकरांचे भरते. दोन्ही शेतांत मधोमध एकेक रस्ता आहे. या दोन रस्त्यांत फक्त ४० मीटरांचे अंतर आहे. पहिल्या शेताच्या अगदी टोकाला एका मुलीचे घर आहे आणि दुसऱ्या शेताच्या टोकाला तिची शाळा आहे. कावळा उडाला तर ४० मीटरांत शाळेवर जाऊन बसेल. मुलीला मात्र आपल्या रस्त्याने ४०० मीटर चालून मुख्य रस्त्यावर यावे लागेल. मुख्य रस्त्याच्या कडेने ४० मीटर जावे लागेल आणि पुन्हा ४०० मीटर आत चालावे लागेल. बेरीज झाली ८४० मीटर. म्हणजे कावळ्याच्या एकवीसपट! शाळेची घंटा तिला घरात ऐकू येते, पण त्या शाळेत पोहोचण्यासाठी तिला ट्रक आणि मोटारी धावणाऱ्या रस्त्यावरून जावे लागते.

या दोन शेतांच्या मध्ये, टोकाशी, एका घराएवढी जागा सोडून वाट काढली असती तर? मग तिचे चालणे ४० मीटरांवर आले असते आणि मुख्य रस्त्याशी तिचा संबंधच आला नसता. एवढ्याशा वाटेने किती अंतर मिटते ते पाहा. या सर्व वेळी दोन्ही रस्त्यांची लांबी तेवढीच राहिली, रुंदीही तेवढीच राहिली. बदलला तो फक्त त्यांचा जोड.

अशा वस्त्या पाच झाल्या, पंचवीस झाल्या, म्हणजे मुख्य रस्त्याचे काय होते, याचाही विचार करा. दूध आणणारा, भाजी घेणारी, शिकवणीला जाणारा, आजोबांना दवाखान्यात नेणारा, असा प्रत्येक जण आधी मुख्य रस्त्यावर येतो. बाहेरगावी जाणारी वाहने आणि शेजारच्या आळीत जाणारी माणसे एकाच ठिकाणी गोळा होतात. मग लोक म्हणतात, ‘रस्ता अपुरा पडतो, तो रुंद करा.’ रस्ता रुंद होतो. काही दिवस बरे वाटते आणि मग पुन्हा गर्दी होते. कारण गर्दीचे मूळ मुख्य रस्त्याच्या रुंदीत नसून आतल्या वस्त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत यात असते. पाय ठेचाळला म्हणून हाताला औषध लावण्यासारखेच हे आहे.

रस्त्यांची रचना दोन प्रकारांची असते असे म्हणता येईल. एक झाडासारखी आणि दुसरी जाळ्यासारखी. झाडाच्या एका फांदीच्या शेंड्यावर बसलेल्या मुंगीला शेजारच्या फांदीच्या शेंड्यावर जायचे असेल, तर तिला पहिली फांदी उतरून खोडापाशी यावे लागते आणि दुसरी फांदी चढावी लागते. कोळी मात्र आपल्या जाळ्यात कोठूनही कोठेही सरळ जातो. एक धागा तुटला तर तो दुसऱ्या धाग्याने जातो. आपण वर पाहिलेली वस्ती झाडासारखी आहे, कारण तेथे प्रत्येक घराला बाहेर पडण्यास एकच वाट असते.

एक वाट आणि अनेक वाटा यांत किती फरक पडतो, हे तुम्ही पाटीवर करून पाहू शकाल. तीन आडव्या आणि तीन उभ्या रेघा काढा. चार चौकोन तयार होतील. आता डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जा. फक्त उजवीकडे किंवा वर जावयाचे, मागे फिरावयाचे नाही. तुम्हांला सहा निरनिराळ्या वाटा सापडतील आणि त्या सगळ्यांची लांबी सारखीच असेल. चार आडव्या व चार उभ्या रेघा काढल्या तर अशा वाटा वीस होतील. झाडासारख्या रचनेत, वस्ती केवढीही मोठी असली तरी, एका घरातून दुसऱ्या घरी जाण्यास वाट एकच राहते. त्या एका वाटेवर लग्नाचा मांडव पडला, नळासाठी खोदाई झाली किंवा पावसाचे पाणी साचले, तर मागची सारी वस्ती अडकून पडते. पुढच्या घराला आग लागली तर मागच्या माणसांनी जावे कोठून आणि अग्निशामक बंबाने यावे कोठून?

रस्त्यांच्या जोडांचा विचार शास्त्रज्ञांनीही केला आहे. युरोपात कोनिग्सबर्ग नावाचे एक शहर होते. आज ते रशियात असून त्याला कालिनिनग्राद म्हणतात. त्या शहरातून नदी वाहत होती, नदीत बेटे होती आणि सारे भाग सात पुलांनी जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सर्व पुलांवरून फिरून येता येईल काय, असे कोडे तेथील लोक एकमेकांना घालत. लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने १७३६ साली ते सोडवले आणि असे फिरणे शक्य नाही, हे सिद्ध केले. त्याने पुलांची लांबी मोजली नाही, रुंदीही मोजली नाही. कोणता भाग किती पुलांनी जोडला आहे, एवढेच त्याने पाहिले. त्याच्या या विचारातून गणिताची एक नवी शाखा उदयास आली. आज शहरांचे रस्ते तपासताना अभ्यासक याच शाखेचा आधार घेतात. ते चौक मोजतात, तिठे मोजतात आणि पुढे वाट नसलेली आंधळी टोके मोजतात. चौक आणि तिठे जास्त असतील तर शहर चांगले जोडलेले आहे, आंधळी टोके जास्त असतील तर ते तुटलेले आहे, असे समजावे.

बीडसारख्या नदीकाठच्या शहरात या जोडांना विशेष महत्त्व आहे. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला महापूर आला. काठच्या वस्त्यांची दाणादाण उडाली आणि अनेकांचे प्राण गेले. एरवी पावसाळा सोडला तर जिचे पात्र बारीक दिसते, ती नदी एका रात्रीत काय करू शकते, हे त्या पिढीने पाहिले. नदीला पाणी चढते तेव्हा दोन तीरांना जोडणारे पूल हेच शहराचे सांधे असतात. तीच गोष्ट लहान ओढ्यांची. ओढ्याच्या अलीकडे एक वस्ती, पलीकडे दुसरी आणि मध्ये साकव नाही, असे असले म्हणजे पाणी चढताच सुरक्षित जागी जाण्याची वाट लांबते. मात्र जोडण्याच्या घाईत ओढा बुजवून त्यावर रस्ता करणे हेही संकटच आहे. पाण्यालाही त्याची वाट असते. माणसाची वाट आणि पाण्याची वाट या दोन्ही मोकळ्या राहतील असा पूल किंवा मोरी बांधणे हेच शहाणपणाचे ठरते.

जुन्या गावांची रचना अशी होती काय? जुन्या भागातील गल्ल्या अरुंद आणि वाकड्यातिकड्या असतात. तेथे उजेड कमी, वारा कमी, गाडी शिरणे कठीण. काही बोळ आंधळेही असतात. ते सर्व चांगले होते, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्यांत एक गुण होता. गल्लीतून बोळात, बोळातून दुसऱ्या गल्लीत आणि तेथून बाजारात, असे चालत जाता येई. देऊळ, मशीद, विहीर, दुकान, शाळा ही पायांच्या टप्प्यात असत. नव्या वस्तीत रस्ता रुंद आणि सरळ असतो, परंतु तो भिंतीशी संपतो. अरुंद पण जोडलेली वाट आणि रुंद पण तुटलेली वाट या दोहोंपैकी एकही पुरेशी नाही. पुरेशी रुंद आणि जोडलेली वाट हवी.

आपल्या शेजारच्या लातूर शहरात याचे एक पाहण्याजोगे उदाहरण आहे. तेथील गंजगोलाई ही बाजारपेठ गोल आकाराची असून फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने तिचा आराखडा केला होता. १९१७ मध्ये ती बांधली गेली. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, त्याभोवती दुकानांचे वर्तुळ आणि त्या वर्तुळाला येऊन मिळणारे सोळा रस्ते, अशी तिची रचना आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, दुकाने बदलली, मालक बदलले, बैलगाड्या जाऊन मोटारी आल्या. रस्ते मात्र आखले तेथेच आहेत. घर पाडून पुन्हा बांधता येते. रस्ता एकदा पडला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरे झाली की तो हलवणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून रस्ता आखणारा माणूस आपल्या नातवंडांच्याही पायांची वाट आखत असतो.

सरळ आणि रुंद रस्ते आखले म्हणजे काम संपले, असेही मानू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भीषण भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीची जड घरे कोसळली आणि अरुंद गल्ल्या ढिगाऱ्यांनी भरून गेल्या. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी पूर्णपणे वसवण्यात आली. पुन्हा असे होऊ नये म्हणून नव्या गावांत रुंद, सरळ रस्ते आखले आणि घरे दूर दूर बांधली. हेतू चांगलाच होता आणि घरेही मजबूत झाली. परंतु गाव पूर्वीपेक्षा कितीतरी पट जागेवर पसरले. ज्या म्हातारीची शेजारीण हाकेच्या अंतरावर होती, ती आता दूर गेली. लांब रस्ते, लांब गटारे, लांब नळ यांची देखभाल लहानशा ग्रामपंचायतीला करावी लागली. यावरून दिसते की, वस्ती फार पसरली तरीही वाट लांबते. जोड आणि जवळीक ही दोन्ही साधली पाहिजेत.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यापुरता किंवा आपल्या देशापुरता नाही. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी जगभरातील रस्त्यांचे नकाशे तपासले आणि २०२० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांत अधिक लोकसंख्येच्या १३४ देशांपैकी ९० टक्के देशांत १९७५ नंतरच्या नव्या वस्त्यांचे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेले आहेत, असे त्यांना आढळले. कोठे श्रीमंतांनी आपल्या वसाहतीभोवती कुंपण घातले, तर कोठे गरिबांच्या वस्तीला कोणी आराखडाच दिला नाही. कारणे निराळी, पण परिणाम एकच. माणूस शेजाऱ्याला दुरावला आणि वाहनावाचून त्याचे चालेनासे झाले.

मग उपाय काय? त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. ज्या शेतांतून शहर वाढते त्या शेतांच्या व्यवहारातच त्याचे उत्तर आहे. दुसऱ्याच्या शेताने वेढलेले शेत असले तरी त्या शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्याचा हक्क असतो. बांधावरून त्याची वहिवाट मानली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमात असा बांधावरचा रस्ता ठरवून देण्याचा अधिकार तहसीलदारांना दिला आहे. वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर ती मोकळी करून देण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. एका बैलजोडीला नांगरटीसाठी जाता यावे म्हणून आपल्या समाजाने एवढी काळजी घेतली. मग शेकडो मुलांना शाळेत जाता यावे म्हणून त्या बांधातून वाट ठेवणे अवघड का वाटावे?

शहरांसाठीही कायदा आहेच. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ साली झाला. त्यानुसार नगरपरिषदेला आपल्या क्षेत्राचा विकास आराखडा करावा लागतो. शाळा, मैदाने, दवाखाने आणि रस्ते यांसाठी जागा आधीच राखून ठेवाव्या लागतात. आराखडा वेळेवर झाला आणि तो पाळला गेला, तर एका वस्तीचा रस्ता दुसऱ्या वस्तीच्या रस्त्याला मिळेल अशी व्यवस्था करता येते. उशीर झाला तर घरे आधी उभी राहतात आणि रस्ता त्यांच्यामधून जागा शोधत फिरतो. शेत रिकामे असताना दोरी लावून वाट काढणे सोपे असते. घरे झाल्यावर तीच वाट काढण्यासाठी कोणाचे तरी घर पाडावे लागते आणि ते घर बहुधा गरिबाचे असते.

जेथे वस्ती आधीच झाली आहे तेथेही काहीच करता येत नाही, असे नाही. एखाद्या भिंतीत चालणाऱ्यांपुरते दार ठेवता येते. ओढ्यावर लहानसा साकव बांधता येतो. दोन आंधळ्या टोकांच्या मध्ये पडून असलेली अर्ध्या गुंठ्याची जागा वाटेसाठी घेता येते. मोटार गेली नाही तरी चालेल. माणूस, सायकल आणि हातगाडी गेली तरी पुष्कळ काम होते. वाटेवर लोक ये-जा करू लागले म्हणजे आपली शांतता जाईल, चोर येतील, असे काहींना वाटते. ही भीती अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. परंतु ज्या वाटेवरून शाळेची मुले, भाजीवाल्या आणि फिरावयास निघालेली वडीलधारी माणसे दिवसभर जातात, तिच्यावर सर्वांचीच नजर असते. तेथे दिवे लावणे आणि स्वच्छता राखणे हे काम आहे आणि ते सर्वांनी मिळून करण्यासारखे आहे.

खरी अडचण निराळीच असते. वाट सर्वांना हवी असते, परंतु ती आपल्या जागेतून जाऊ नये असे प्रत्येकाला वाटते. अशा वेळी आपल्या भाषेतला ‘वाट देणे’ हा शब्द आठवावा. वाट ही कोणीतरी द्यावी लागते. एकाने चार हात जागा सोडली, समोरच्याने चार हात सोडली, म्हणजे आठ हातांचा रस्ता होतो. देणाऱ्याचे थोडे जाते आणि सगळ्या वस्तीचे पुष्कळ वाचते. त्या वाटेने रुग्णाला वेळेवर दवाखान्यात नेता येते, आगीचा बंब वेळेवर येतो आणि शाळेची घंटा ऐकून निघालेली मुलगी प्रार्थनेला वेळेवर उभी राहते. आणि ज्याने जागा दिली त्याच्या घरची माणसेही त्याच वाटेने जातात.

मुलांनो, येत्या सुटीच्या दिवशी आपल्या वस्तीचा नकाशा काढा. घरापासून शाळेपर्यंत किती पावले चालावे लागते ते मोजा. वाटेत चौक किती, तिठे किती आणि आंधळी टोके किती लागतात, त्यांची नोंद करा. एखाद्या टोकाशी उभे राहून पलीकडे काय आहे ते विचारा. कोठे भिंत असेल, कोठे ओढा असेल, कोठे नुसते काटेरी कुंपण असेल. त्यांपैकी काय दूर करता येईल, हे तुमच्या वर्गात चर्चेला घ्या. उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी तलाठी, कोणी नगरसेविका, तर कोणी स्वतःचे शेत विकणारा किंवा प्लॉट घेणारा. त्या दिवशी कागदावर रेघ ओढताना ती बांधाशी थांबवायची की पुढच्या रस्त्याला नेऊन मिळवायची, हे तुम्हांलाच ठरवावे लागेल.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे द्या.
(अ) ‘जालना रस्ता’, ‘बार्शी रस्ता’ या नावांवरून रस्त्याचे कोणते काम लक्षात येते?
(आ) शेताचा बांध वस्तीची वाट कसा अडवतो?
(इ) मुख्य रस्ता रुंद करूनही गर्दी पुन्हा का होते?
(ई) कोनिग्सबर्गच्या पुलांचे कोडे सोडवताना ऑयलरने कशाकडे लक्ष दिले?

२. कारणे लिहा.
(अ) रस्ता आखणारा माणूस नातवंडांच्याही पायांची वाट आखत असतो.
(आ) जोडण्याच्या घाईत ओढा बुजवू नये.

३. पाठातील उदाहरणात शेते ४०० मीटरांऐवजी ३०० मीटर लांब असती, तर मुलीला शाळेत जाण्यासाठी किती चालावे लागले असते? टोकाशी वाट काढल्यास किती अंतर वाचले असते?

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
वाट देणे, वाट अडवणे, वाट पाहणे, दाणादाण उडणे, दगा देणे.

५. ‘वाट’ आणि ‘रस्ता’ या अर्थाचे तुमच्या गावात बोलले जाणारे शब्द गोळा करा. उदाहरणार्थ, गल्ली, बोळ, पाणंद, पायवाट, गाडीवाट. प्रत्येकात काय फरक आहे ते घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहा.